अम्मीच्या चेहऱ्यावर राग नव्हता

२०१८ च्या रमजान ईदची सकाळ. फजरच्याही आधीपासून अम्मी चुलीपाशी होती. दूध आटवणे, खजूर चिरणे, चारोळी भिजवून सोलणे, शेजारपाजारच्या दहा घरांचे डबे भरणे, असे करता करता दहा वाजले. ईदगाहवरून पुरुष मंडळी परतली, गळाभेटी झाल्या, पोरांनी ईदीसाठी घर डोक्यावर घेतले. आमचा धाकटा भाऊ मात्र आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. अम्मीने शीरखुर्म्याची वाटी भरली, ओढणीने घाम टिपला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने वर पाहिले. थोडा वेळ तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला आणि हाताच्या एका फटक्यात वाटी उडवून दिली.

"अम्मी, तुम मेरे कू ऐसा घूर के कायकू देखते?"

आम्ही दोघी बहिणी दारातच उभ्या होतो. अम्मी घूरत नव्हती. तिचा चेहरा थकलेला होता, डोळे जागरणाने लाल होते, याहून जास्त काही नव्हते. पण त्याला तिथे राग दिसला. नुसता राग नव्हे, द्वेष दिसला. त्या दिवशी अम्मी मोरीत जाऊन रडली आणि आम्ही त्याच्यावर ओरडलो. तो आणखी घाबरला. आमच्या ओरडण्याने त्याची खात्रीच पटली असणार की हे सगळे घर आपल्यावर उठले आहे.

ही गोष्ट आम्ही त्याला विचारून लिहितो आहोत. नाव लिहू नका, बाकी लिहा, असे तो म्हणाला. आमच्यापैकी थोरली जिल्ह्यातल्याच एका रुग्णालयात परिचारिका आहे, धाकटी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गाव बीड जिल्ह्यातच, केज तालुक्यात. एक जण रुग्णालयात नोकरीला असूनही आमच्या भावाचा आजार ओळखायला आम्हाला दीड वर्ष लागले, हे आधीच कबूल केलेले बरे.

आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. हा शब्द १९०८ मध्ये स्वित्झर्लंडचे डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी काढला. नावावरून लोकांना वाटते की एका माणसात दोन माणसे राहतात. सिनेमावाल्यांनी तर हा गैरसमज फारच पसरवला. तसे काही नसते. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी पाळतीवर आहे किंवा विष घालते आहे असा पक्का संशय, बोलण्यातला धागा तुटणे, माणसांतून मन उठणे, आंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, ही याची लक्षणे. बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. आमच्या भावाला एकविसाव्या वर्षी झाला, तेव्हा तो बीडला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात हा आणि या जातीचे गंभीर आजार आयुष्यात कधीतरी झालेल्यांचे प्रमाण शंभरात १.४ निघाले. म्हणजे ज्या मोहल्ल्यात हजार माणसे राहतात तिथे चौदा. आणि अशा आजाऱ्यांपैकी चारातले तीन उपचारांविना होते.

आवाज आणि संशय यांविषयी आता थोडेफार ऐकायला मिळते. पण या आजारात मेंदूची आणखी एक शक्ती दुखावते, तिच्याबद्दल घरच्यांना कोणी सांगत नाही, आणि घर मोडते ते बहुतेक वेळा तिच्यामुळे. ती शक्ती म्हणजे समोरच्याचा चेहरा वाचण्याची.

अंबाजोगाईला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आवाजांबद्दल विचारलेच, पण एक प्रश्न असा विचारला की आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. "घरात कोणाच्या चेहऱ्याला तो जास्त घाबरतो?" आम्ही म्हणालो, अम्मीच्या. तिच्याशिवाय तर त्याचे पान हलत नसे! डॉक्टर म्हणाले, म्हणूनच. ज्या चेहऱ्याकडे माणूस सर्वात जास्त पाहतो, तोच सर्वात जास्त वेळा चुकीचा वाचला जातो.

चेहरा वाचतो कोण?

चेहरा ओळखणे आणि चेहऱ्यावरचा भाव ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या भावाने अम्मीला कधीही परकी समजले नाही. ही अम्मी आहे हे त्याला कळत होते. ही अम्मी आत्ता काय मनात धरून उभी आहे, तिथे घोटाळा होत होता.

निरोगी माणसाच्या मेंदूत हे काम इतक्या झटपट होते की आपण काही काम केले असे वाटतही नाही. डोळ्यांनी आणलेले चित्र आधी डोक्याच्या मागच्या भागात पोहोचते. तिथून ते मेंदूच्या खालच्या अंगाला असलेल्या एका पट्टीकडे जाते, तिला फ्युसिफॉर्म म्हणतात. चेहऱ्यांसाठी ती खास जागा आहे. कानाच्या वरच्या बाजूला मेंदूत एक लांब खाच आहे, तिथे डोळ्यांची आणि ओठांची हालचाल टिपली जाते. खोल आत बदामाएवढी एक गाठ आहे, अमिग्डाला. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच बदाम. धोका आहे का, भीती बाळगावी का, याचा पहिला इशारा ती देते. आणि कपाळामागचा भाग या सगळ्यांचे ऐकून, प्रसंग काय आहे तो पाहून निवाडा करतो: ईदचा दिवस आहे, अम्मी पहाटेपासून राबते आहे, ती थकली आहे.

स्किझोफ्रेनियात या साखळीच्या एकाच कडीत नव्हे, जवळजवळ प्रत्येक कडीत काही ना काही ढिलेपणा आढळतो. सुरुवात नजरेपासून होते. आपण कोणाच्या तोंडाकडे पाहतो तेव्हा आपली नजर डोळे, नाक, ओठ अशी फिरत राहते. नजरेची हालचाल मोजणारी यंत्रे लावून पाहिले तर अनेक रुग्णांची नजर कमी फिरते, एका जागी जास्त थांबते आणि डोळे-ओठ या भाव सांगणाऱ्या जागा टाळते. निम्मा मजकूर वाचून पत्राचा अर्थ लावावा तसे हे होते. फ्युसिफॉर्मचा प्रतिसाद अनेक अभ्यासांत कमी दिसला आहे. अमिग्डालाची गोष्ट मात्र जरा विचित्र आहे. घाबरलेला चेहरा दाखवला की तिने जोरात उसळावे, साध्या चेहऱ्याला शांत राहावे, असा नियम. बऱ्याच रुग्णांत ती साध्या, भावहीन चेहऱ्यालाच उसळते. धोका नसलेल्या ठिकाणी घंटा वाजते.

याचे एक कारण डोपामिन नावाच्या रसायनात शोधतात. समोरच्या हजार गोष्टींपैकी लक्ष देण्याजोगी कोणती, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. या आजारात ते नको तिथे उफाळते. तहसील कार्यालयातल्या एखाद्या कारकुनाने येईल त्या कागदावर 'तातडीचे' असा शिक्का मारत सुटावे, तशी गत. शेजाऱ्याचे खोकणे तातडीचे, रस्त्यावरच्या माणसाने मान वळवणे तातडीचे, अम्मीच्या कपाळावरची आठी तर फारच तातडीची. मग मेंदू त्या शिक्क्याला साजेशी गोष्ट रचतो. संशय जन्मतो तो असा. त्यामुळे समजावून, वाद घालून तो जात नाही. आम्ही महिनोन्महिने वाद घातले, म्हणून सांगतो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले ख्रिस्तियन कोहलर यांनी यावर बरेच काम केले आहे. २००३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रुग्णांना साधा चेहरा दाखवला तर त्यांना तिथे भीती किंवा किळस असे वाईट भाव दिसण्याकडे कल असतो. २०१० मध्ये त्यांनी जगभरचे ८६ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा की ही उणीव मोठी आहे आणि आजाराच्या निरनिराळ्या टप्प्यांत ती सापडते. हसरा चेहरा बहुतेकांना ओळखू येतो. गडबड होते ती भीती, दुःख, राग यांच्यात. आवाजातल्या चढउतारांचेही असेच. अर्थात प्रत्येक रुग्णाला हे सारख्या प्रमाणात होत नाही. आमच्या ओळखीत एक बाई आहेत, त्यांना आवाज ऐकू येतात पण सुनेचा मूड दारातूनच कळतो.

परदेशी चेहऱ्यांची अडचण

अशी तपासणी करायला फोटो लागतात. अनेक वर्षे सगळीकडे अमेरिकेच्या पॉल एकमन यांच्या १९७६ च्या संचातले फोटो वापरले जात. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस असे सहा भाव आणि एक साधा चेहरा. पण ते सगळे गोरे चेहरे. केज-धारूरच्या माणसाने ते चुकीचे ओळखले तर चूक आजाराची की फोटोची?

हाच विचार करून निम्हान्समध्ये ऋषिकेश बेहेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये भारतीय चेहऱ्यांचा संच तयार केला. त्याचे नाव ट्रेंड्स. चार प्रशिक्षित कलावंत घेतले: एक तरुण, एक तरुणी, एक वयस्क पुरुष, एक वयस्क स्त्री. त्यांच्याकडून हे भाव करवून घेऊन फोटो आणि छोट्या चित्रफिती काढल्या. आम्हाला यातली वयस्क माणसे घेण्याची कल्पना फार आवडली. कारण आपल्याकडे तरुण रुग्ण दिवसभर जे चेहरे पाहतो ते आई, बाप, दादी, चाचा यांचे असतात. सुरकुत्या असलेला चेहरा वाचणे तसेही अवघड. अब्बांचेच पाहा ना. गॅरेजमध्ये तीस वर्षे इंजिनाखाली झोपून काम केलेले, भुवया कायम आक्रसलेल्या. ते खूश असले तरी पाहणाऱ्याला वाटावे, आता रागावतील.

औषधांनी हे बरे होते का? काही प्रमाणात होते. आवाज आणि संशय औषधांनी जितके मागे हटतात, तितकी ही गोष्ट हटत नाही. बऱ्याच जणांत आजार शांत असतानाही ती थोडीफार राहते. आमच्या भावाचे आवाज सहा महिन्यांत जवळपास थांबले, पण "तुम नाराज हो" हे चालूच होते. आम्हाला वाटायचे, औषध लागू पडत नाही. एकदा तर आम्ही डॉक्टर बदलायला निघालो होतो. घरच्यांना हे आधी माहीत असेल तर अशा वेळी गोळ्या बंद करण्याची चूक होणार नाही.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फला व्होल्फगांग व्योल्व्हर यांच्या गटाने फक्त याच कामासाठी एक प्रशिक्षण तयार केले आहे. दोन रुग्ण आणि एक प्रशिक्षक, बारा बैठका. आधी चेहऱ्याचे तुकडे पाहायचे: भुवया वर की खाली, ओठांची टोके कुठे. ते शब्दांत सांगायचे. मग पूर्ण चेहरा, मग प्रसंगासकट चेहरा. म्हणजे जे मेंदू आपोआप करत नाही ते पायरी-पायरीने, मुद्दाम करायला शिकवायचे. यात रुग्णांची ओळखण्याची शक्ती वाढल्याचे दिसून आले. आपल्याकडे तालुक्याच्या गावी असे वर्ग कुठून येणार! पण त्यातली कल्पना घरी वापरता येते का, असे आम्ही डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, परीक्षा घेतल्यासारखे करू नका, बाकी करून पाहा.

मग थोरलीच्या निकाहचा अल्बम निघाला. तो आणि आम्ही मिळून पाने उलटायचो. ही खाला हसते आहे की नुसते दात दिसताहेत? मामूंच्या भुवया बघ. रुखसतीच्या फोटोत अब्बा रागावलेले दिसतात, असे तो म्हणाला. आम्ही म्हणालो, डोळे नीट बघ. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "पानी है आँख में." इतकी वर्षे तो फोटो घरात आहे, अब्बांच्या डोळ्यांत पाणी होते हे आमच्याही लक्षात आले नव्हते.

त्याचा चेहरा आम्हाला वाचता आला नाही

आतापर्यंत आम्ही त्याच्या चुकीबद्दल बोललो. दुसरी बाजू आमच्या चुकीची आहे.

२०१९ मध्ये दादांचे निधन झाले. जनाजा उठला, घरात आकांत होता आणि हा कोरड्या चेहऱ्याने उभा होता. एक अश्रू नाही. नातेवाईक कुजबुजले, "दिल पत्थर का हो गया इसका." आम्हालाही तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर दादांच्या खाटेजवळ वुजूचा लोटा भरून ठेवलेला. रोज फजरला दादांचा लोटा तोच भरायचा. चाळीस दिवस तो रोज भरत राहिला.

या आजारात चेहरा सपाट होतो. आनंद झाला तरी ओठ हलत नाहीत, दुःख झाले तरी कपाळ हलत नाही, आवाजही एकसुरी होतो. काही वेळा औषधांनी स्नायू जखडतात म्हणूनही असे होते. ते डॉक्टरांना जरूर सांगावे, गोळी बदलता येते. पण औषध न घेणाऱ्यांतही हे असतेच. १९९३ मध्ये अमेरिकेत अॅन क्रिंग आणि सहकाऱ्यांनी औषध बंद असलेल्या रुग्णांना सिनेमाचे भावनिक तुकडे दाखवले. त्यांचे चेहरे निरोगी लोकांपेक्षा खूप कमी हलले. पण आत काय वाटले असे विचारल्यावर त्यांनी तितक्याच भावना सांगितल्या. दादांचा लोटा आठवला की आम्हाला तो प्रयोग पटतो.

म्हणजे एका घरात दोन्हीकडून वाचन चुकत असते. त्याला आपल्या चेहऱ्यात नसलेला राग दिसतो, आपल्याला त्याच्या चेहऱ्यात असलेले प्रेम दिसत नाही. मग आपण खरोखरच रागावतो, आणि त्याचे म्हणणे खरे ठरते.

रागावण्याचा परिणाम मोजलाही गेला आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्यानंतर इतरांनी दाखवले की जिथे घरचे सतत टोचून बोलतात, दोष काढतात किंवा रुग्णाच्या आयुष्यात नको इतकी ढवळाढवळ करतात, तिथे आजार लवकर उलटतो. पुढे १९८० च्या दशकात चंदीगडमध्ये अशीच पाहणी झाली. लंडनच्या तुलनेत तिथे टोचून बोलणारी घरे कमी निघाली, खेड्यात तर आणखी कमी. आपल्या एकत्र कुटुंबांना याचे श्रेय द्यायला हरकत नाही. मात्र आमच्या अनुभवात एकत्र कुटुंबात एक काका असा असतोच, जो सगळ्यांच्या वाटणीचे टोचून घेतो.

आमेल, साखळी आणि दवा

दीड वर्ष कुठे गेले ते सांगायचे राहिले. आसेब आहे, जिन्नात आहे, कोणी करणी केली आहे, हे सगळे आम्ही ऐकले आणि मानलेही. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका आमेलकडे बारा फेऱ्या झाल्या. तो भावाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, डोळे वटारून ओरडायचा. ज्याला साध्या चेहऱ्यातही धोका दिसतो त्याच्यासमोर वटारलेले डोळे! तिथून परतताना तो जीपमध्ये थरथरत असे आणि आम्ही समजायचो, असर होतो आहे.

दुआ सोडा असे आम्ही कोणालाच सांगणार नाही, आम्हीही सोडलेली नाही. पण आजारावर इलाज करण्याची शिकवण तर आपल्या दीनमध्येच आहे. दमास्कसचा नूरी बीमारिस्तान बाराव्या शतकातला, कैरोचा मन्सुरी बीमारिस्तान १२८४ चा. मनाच्या आजाऱ्यांनाही तिथे रुग्ण म्हणून ठेवत. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे हजरत सय्यद अली मीरा दातार यांचा दर्गा आहे. आपल्या भागातूनही लोक तिथे जातात. तिथे साधारण २००८ पासून अल्ट्रुइस्ट ही संस्था आणि गुजरात सरकार मिळून 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम चालवतात. मुजावरांना आजार ओळखायला शिकवले आहे. ते दुआ करतात आणि तिथल्याच डॉक्टरकडे पाठवतात. उलट टोकाची आठवण तामिळनाडूतल्या एरवाडीची. ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमाला पहाटे आग लागली. आजारी माणसे साखळ्यांनी बांधलेली होती, पळता आले नाही. २८ जण गेले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळी घालण्यावर बंदी आहे.

आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. बीडच्या जिल्हा रुग्णालयातही विचारता येते. जाण्याआधी फोनवर बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. दिवाळीच्या आसपास ट्रक सांगली, कोल्हापूर, कर्नाटककडे निघतात, आणि गोळ्या गावातच राहतात. फडावर सगळे नवे चेहरे, मुकादमाचा आरडाओरडा, अपुरी झोप. आजार उलटायला आणखी काय हवे? निघण्याआधी डॉक्टरांना किती महिने बाहेर आहोत ते सांगून गोळ्या आणि केसपेपर सोबत घ्यावा. तसेच रमजानचे. रोजा ठेवायचा म्हणून गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नये. इफ्तार आणि सहरीला वेळ बसवता येते का ते डॉक्टर सांगतात, आणि नाही बसली तर आजाऱ्याला सूट कुरआननेच दिली आहे.

मराठीत या आजारावर कुटुंबांनी उघडपणे बोलावे, ही वाट जगन्नाथ वाणी यांनी मोठी केली. मूळचे धुळे भागातले, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक. पत्नीला हा आजार होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, आणि २००४ च्या 'देवराई' चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांचा मोठा वाटा होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या त्या चित्रपटात अतुल कुलकर्णींनी रुग्ण शेषची भूमिका केली आहे. आम्ही तो भावासोबत पाहिला. मध्येच तो म्हणाला, याची बहीण सारखी रागावते. आम्ही गप्प बसलो. त्या जागी तरी त्याचे वाचन बरोबर होते.

आमच्या घरात आता जे बदलले आहे ते दिसायला फार किरकोळ आहे. आम्ही भावना तोंडाने सांगतो. अम्मी खोलीत शिरतानाच म्हणते, "बेटा, मैं थकी हूँ, तेरे पे गुस्सा नै." सुरुवातीला तिला हसू यायचे. आपल्याकडे आईने असे बोलून दाखवायचे नसते, ते मुलाने समजून घ्यायचे असते. अब्बांना तर हे जमायला वर्ष लागले. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा भिंतीकडे बघून म्हणाले, "आज खुश हूँ मैं." त्याने वळून आम्हाला विचारले, खरेच का? आम्ही बाहेरून आलो की आधी नकाब काढतो, त्याच्या समोर उजेडात बसतो, मग बोलतो. २०२० मध्ये कोरोनाच्या मास्कने सगळ्या गल्लीचे निम्मे चेहरे झाकले, तेव्हा तो कित्येक आठवडे दाराबाहेर पडला नव्हता; त्यावरून हे शिकलो. चेष्टामस्करी, टोमणे, डोळ्यांनी खुणा करणे त्याच्यासमोर टाळतो. दोघींनी कोपऱ्यात हळू बोलणेही टाळतो, जरी आम्हा बहिणींना तेच सर्वात जड जाते.

तो आता अब्बांच्या गॅरेजवर सामानाचा हिशेब लिहितो. गिऱ्हाइकांशी बोलायचे काम दुसरा मुलगा करतो. सगळे ठीक आहे असे नाही. मागच्या पावसाळ्यात पंधरा दिवस फार वाईट गेले.

या रमजानमध्ये अस्रनंतर अम्मी भजीसाठी कांदा चिरत बसली होती. डोळ्यांतून धारा. तो दारात आला आणि थबकला. तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिला. आमच्या हातातले काम थांबले.

"अम्मी, रो रए क्या? के गुस्सा है?"

"प्याज है रे."

तो खाली बसला, टोपलीतला एक कांदा उचलला आणि सोलू लागला.